पहिली काठी देवळाला

गोल्फ म्हणजे काय, हे त्या काळी माणिकपुरात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक माझे पपा आणि दुसरी मी. पपांना हातांमुळे ठाऊक, मला टाइपरायटरमुळे. बाकी सगळ्यांच्या लेखी पपा म्हणजे 'साहेबांच्या काठ्या तासणारे मिस्त्री' आणि मी म्हणजे 'फोर्टात नोकरीला जाणारी त्यांची ती तोंडाळ पोर'. तोंडाळ मी होतेच, नाही कशाला म्हणू!

पपा सुतार. मुंबईत खेळाच्या सामानाचं एक जुनं दुकान होतं, त्याच्या मागच्या खोलीत त्यांनी वीसेक वर्षं गोल्फच्या काठ्या दुरुस्त केल्या. कुणाच्या काठीचं लाकडी डोकं तडकलं, कुणाची मूठ सैल झाली, सगळं पपांकडे. स्वतः आयुष्यात एकदाही मैदानावर चेंडू मारला नाही. पण काठी तळहातावर आडवी धरली की वजन कुठे कमी, कुठे जास्त, ते डोळे मिटून सांगायचे. दुकानाने ती खोली बंद केली तेव्हा ते अवजारं घेऊन घरी आले. वाडीत केळींच्या मागे त्यांनी पत्र्याची शेड घातली, आणि मुंबईहून काठ्या गोणपाटात गुंडाळून तिथे यायला लागल्या.

मी फोर्टातल्या एका पेटंट एजंटच्या ऑफिसात स्टेनो-टायपिस्ट. लोकांच्या डोक्यातल्या युक्त्यांचे अर्ज दिवसभर टाइप करायचे. कुणाचा स्टोव्हचा बर्नर, कुणाचं न गळणारं झाकण. मला त्यातलं यंत्रबिंत्र काही कळत नसे, पण कायदा ऐकून ऐकून पाठ झाला होता.

सत्तर संपून ऐंशी लागलं त्या सुमाराला पपांच्या डोक्यात एक काठी शिरली. गोल्फमध्ये चेंडू भोकाजवळ आला की जोराचं काम संपतं, तिथून तो नुसता ढकलायचा असतो. त्या ढकलायच्या काठीला पटर म्हणतात. पपांचं म्हणणं, माणसांचे हात सारखे नसतात, मग सगळ्यांच्या पटरचं वजन एकाच जागी का? त्यांनी शिसवीचं डोकं केलं, त्याच्या पोटात खाच पाडली आणि खाचेत पितळेचा तुकडा बसवला. खालचा स्क्रू सैल केला की तो तुकडा पुढेमागे सरकायचा, आपल्या हाताला पटेल तिथे आणून स्क्रू आवळायचा. सात-आठ महिने ते तेवढंच करत होते. आई वैतागून म्हणायची, "त्या काठीशीच लग्न लावा आता!"

पपांनी ती कुणा ओळखीच्या खेळाडूला मैदानावर वापरायला दिली नाही की कुणा दुकानदाराला दाखवली नाही. पपा शेडमध्येच सतरंजी अंथरून, वाटी आडवी ठेवून चेंडू ढकलत. चेंडू वाटीत गेला की माझ्याकडे बघून भुवया उडवायचे. मी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणजे आमचे एजंट, म्हातारे, मोजकं बोलणारे. त्यांनी पपांना बोलावलं, काठी हातात घेऊन बराच वेळ स्क्रू फिरवत बसले आणि म्हणाले, "मिस्त्री, ही युक्ती नवी आहे. अर्ज करू. पेटंट मिळालं तर चौदा वर्षं ती तुमची."

घरी येताना पपा मला म्हणाले, "मी इतक्या काठ्या जोडल्या गं, प्रत्येकीवर दुसऱ्याचं नाव कोरलेलं होतं. एका काठीवर तरी माझं नाव यावं. ही ह्याची, असं कुठल्यातरी सरकारी कागदाने म्हणावं, बस." दुसरं काही त्यांना नको होतं. साहेबांच्या ओळखीचा मुंबईचा एक व्यापारी काठी न बघताच ती बनवायला तयार होता, तोही पेटंट मिळालं तरच. पण पपांचा जीव अडकला होता तो नावात.

साहेबांनी एकच ताकीद दिली होती. अर्ज दाखल होईपर्यंत काठी कुणाच्या दृष्टीला पडता कामा नये. लोकांपुढे आलेली गोष्ट नवी राहत नाही, आणि नवी नसेल तर पेटंट नाही. हे मी घरी दहा वेळा बजावलं. आई म्हणाली, "कळलं गं बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची!" पपांनी मान डोलावली. (आमच्या घरची बोली निराळी. इथे मी शाळेची मराठी लिहिते आहे, नाहीतर निम्म्या वाचकांना दुभाषा लागेल.)

अर्ज आणि काठीचे नकाशे शुक्रवारी दुपारी तयार झाले. साहेबांनी सही केली आणि म्हणाले, "आजच पेटंट ऑफिसच्या खिडकीवर देऊन ये." मला देवळात (आम्ही ख्रिस्ती, चर्चला देऊळच म्हणतो) गायनाच्या तालमीला पोचायचं होतं, रविवारी सुगीचा सण होता. मी म्हटलं, "साहेब, सोमवारी पहिलं काम हेच करते." साहेब बरं म्हणाले. दोन दिवसांनी काय आकाश कोसळणार होतं?

आमच्याकडे सुगीच्या सणाला पहिलं पीक देवळात नेतात. केळीचा पहिला घड, पहिली भाजी, कुणी कोंबडी, कुणी अंडी. मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, ते वेदीपुढे ठेवायचं, आणि मिस्सा संपली की देवळाच्या अंगणात त्याचा लिलाव होतो. लिलावाला सगळं गाव लोटतं, आमच्यातलेही आणि हिंदू शेजारीही. त्या रविवारी मी गायनमंडळात वरच्या माडीवर उभी होते. अर्पणाची रांग निघाली. दोन घड, पानवेलीच्या पानांची टोपली, आणि त्यामागे माझे पपा. इस्त्रीचा सदरा, आणि दोन्ही हातांवर आडवी धरलेली, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली लांबट वस्तू. माझ्या घशातला सूर तिथेच मेला. बाजूची मुलगी कोपराने ढोसत होती.

मला वाटलं, फडकं राहील, कुणी सोडणार नाही. कसलं काय! लिलाव पुकारणाऱ्याने अंगणात ते भर्रकन ओढून काढलं आणि काठी डोक्यावर नाचवली. "मिस्त्रींच्या हातची नवी काठी! खाली पितळ, वर शिसवी! बघा, हे बघा, स्क्रूसुद्धा फिरतो!" आणि खरंच फिरवून दाखवला, सगळ्या गावाला! लोक हसत होते. कुणी म्हणालं, पेरू पाडायला बरी आहे. शेवटी ती घेतली आमच्या शेजारच्या मास्तरांनी. त्यांचा गुडघा धरायचा. त्यांनी काठी तिथेच उलटी केली, शिसवीचं डोकं मुठीत घेतलं आणि टेकत टेकत चालून दाखवलं. टाळ्या पडल्या. पपांनीही वाजवल्या.

घरी आल्यावर मी जे सुटले, ते विचारू नका.

"पपा, तुम्हाला दहादा सांगितलं होतं ना, कुणाला दाखवायची नाही?"

"मी कुणाला दाखवली? देवाला नेली."

"आणि अंगणात गाव उभं होतं ते?"

"पहिलं फळ देवाचं, पोरी. तुझ्या आजाने नेलं, मी नेलं. ह्या वर्षी माझं पीक हेच."

"मग केळी न्यायची होती! घड काय थोडे होते वाडीत?"

"केळी देवाने पिकवली," पपा म्हणाले. "ही मी पिकवली."

मी दार आपटून वाडीत गेले आणि केळीच्या बुंध्याशी बसून रडले. त्यांच्यावर चिडून, आणि त्याहून जास्त स्वतःवर. शुक्रवारी ते कागद खिडकीवर दिले असते, तर रविवारी पपांनी काठी नाचवली काय आणि विकली काय, केसालाही धक्का लागला नसता.

सोमवारी मी साहेबांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "साहेब, समजा एखाद्याने अर्जाच्या आधी आपली वस्तू चारचौघांत दाखवली असेल तर?"

"तर अर्जाच्या कागदात शेंगा बांधून खाव्यात," साहेब म्हणाले. "का?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि अर्ज दाखल करून आले. मनाशी म्हटलं, माणिकपुरात गोल्फ कोणाला कळतो? कोण सांगायला जाणार आहे?

पण त्या दिवसापासून माझी झोप उडाली, कारण मास्तर. मास्तर रोज सकाळी आमच्या दारावरून स्टेशनपर्यंत फिरायला जायचे, पपांचा पटर टेकत. टक, टक, टक. आमच्याविरुद्धचा पुरावा रोज भर रस्त्याने हवा खायला निघायचा आणि मला हात करायचा, "काय, निघाली का हापिसला?" मी हसून मान डोलवायचे, नजर मात्र काठीवर.

मास्तर मिठागराकडच्या गावचे. शाळेत 'ण' ठासून म्हणत, पण रंगात आले की घरचा 'न' बाहेर पडायचा. एकदा मी त्यांच्याकडे नवीकोरी वेताची काठी घेऊन गेले. म्हटलं, "मास्तर, ही घ्या, हलकी आहे. ती जुनी द्या मला."

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "देवळातून आनलेली वस्तू कोन परत देतो? आनि ती आल्यापासून माझा गुडघा बरा आहे." मला त्यांचा गळा धरावासा वाटला. वेताची काठी मात्र त्यांनी ठेवून घेतली, पावसाळ्यासाठी.

दोन वर्षं अशी काढली. मग अर्ज स्वीकारला गेल्याचं गॅझेटात छापून आलं. पपांनी ते पान देवघरातल्या मूर्तीपाशी ठेवलं. साहेब म्हणाले, "आता चार महिने. कुणी हरकत घेतली नाही, तर झालं." मी दिवस मोजत होते. चौथा महिना संपायला आठवडा उरला आणि हरकत आली. उत्तरेकडचा एक कारखाना, तशीच काठी बनवू लागला होता. त्यांचं म्हणणं, ही वस्तू अर्जाच्या आधीपासून लोकांना ठाऊक होती. पुरावा मात्र काही जोडलेला नव्हता, अंधारात दगड मारला होता. पण तो अगदी माझ्या कपाळावर बसला.

साहेबांनी उत्तराचं ॲफिडेव्हिट सांगितलं, मी लघुलिपीत घेतलं, टाइप केलं. सहावा परिच्छेद असा होता की उक्त तारखेपूर्वी अर्जदाराने हे साधन कोठेही जाहीररीत्या दाखवले, वापरले किंवा विकले नाही. त्या परिच्छेदाशी माझी बोटं दोनदा चुकली, कागद दोनदा फाडला. तेव्हा सांगायचं होतं, साहेब, हे खरं नाही. नाही सांगितलं. पपांचं ते गॅझेटाचं पान डोळ्यांपुढे येत होतं.

पपांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. शेडमध्ये त्यांनी हात पुसले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "वाच. एकेक ओळ सांग." मी सांगत गेले. पहिला, दुसरा, तिसरा. पाचव्यानंतर मी सातवा सांगितला. माझा आवाज कापलासुद्धा नाही, ह्याची मला आजही लाज वाटते.

नोटरीने विचारलं, "मिस्त्री, सगळं समजून घेतलंत ना?"

"मुलीने वाचून दाखवलंय," पपा म्हणाले, आणि शपथ घेऊन सही केली.

त्यानंतर दोन महिने झाले असतील. शनिवारी कुणीतरी सांगितलं की सफारी घातलेला एक माणूस माणिकपूरच्या नाक्यावर रिक्षावाल्यांना विचारत फिरतोय, इथे लाकडी डोक्याची, पितळ बसवलेली काठी कुणाकडे बघितली का? मी जाऊन अंथरुणावर पडले. नाक्यावरच्या कुठल्याही माणसाने मास्तरांचं घर दाखवलं असतं. आईने विचारलं, "काय गं, ताप आलाय का?" मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी जेवून पपा ओटीवर बसले होते, आई सुपारी कातरत होती. फाटकाशी टक टक झालं. मास्तर आले, लाल होऊन, हसत.

"मिस्त्री, आज तुमचं काम केलं! एक माणूस आला होता, मुंबैचा वकील-बिकील असेल. म्हनतो, ही काठी कुठून घेतली? मी काठीचं डोकं मुठीत झाकलं आनि म्हटलं, साधी काठी, माझ्या आज्याची आहे! मिठागरावर कुत्री हाकायला होती!"

"असं का बोललात?" पपांनी विचारलं. "मीच केलेली काठी ती."

"अहो, त्याच्याकडे तुमचं ॲफिडेव्हिट होतं ना! मला दाखवून म्हनतो, यात लिहिलंय ते खरं आहे का? मी वाचलं. म्हटलं, मिस्त्रींनी शपथेवर लिहिलंय, तर आपन त्यांना खोटं कसं पाडायचं? शेजारधर्म आहे का नाही!"

"काय लिहिलंय?" पपा म्हणाले.

मी उठले. म्हटलं, "मास्तर, चहा टाकते." कुणी माझ्याकडे बघितलं नाही.

"तेच, सहावं कलम. की तारखेच्या आधी तुम्ही ही काठी कुठेच जाहीर दाखवली नाही, वापरली नाही, विकली नाही." मास्तरांचं हसू हळूहळू उतरत गेलं. "तुम्हाला... ठाऊक नव्हतं?"

आईच्या हातातला अडकित्ता थांबला. पपा माझ्याकडे बघत होते. मी वाट बघत होते की आता ओरडतील, काहीतरी फेकून मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तू हे वाचलं नव्हतंस," ते म्हणाले.

"पपा, तुमच्यासाठीच केलं. तुमचं नाव लागावं म्हणून. कुणाचं काय नुकसान..."

"दोन महिने," पपा म्हणाले, "दोन महिने मी खोटी शपथ घेऊन वेदीपुढे जातोय, कम्युनियन घेतोय. आणि मला ठाऊक नाही."

मी हमसून रडायला लागले. मास्तर कधी उठून गेले ते कळलं नाही.

सोमवारी पपा माझ्याबरोबर फोर्टात आले. साहेबांपुढे उभे राहून त्यांनी सणाची, लिलावाची, सगळी हकीकत सांगितली आणि म्हणाले, "माझा अर्ज मागे घ्या." साहेबांनी समजावून बघितलं की मिस्त्री, त्यांच्या हाती काहीच लागलेलं नाही, तुम्ही जिंकाल. पपा म्हणाले, "जिंकून त्यावर माझंच नाव येणार ना? मग नको." साहेब माझ्याकडे वळले. "तुला ठाऊक होतं?" मी म्हटलं, "हो." त्यांनी मला काढून टाकलं नाही. टाकायला हवं होतं.

अर्ज मागे घेण्याचं पत्र मीच टाइप केलं. सहीसाठी पपांपुढे धरलं आणि म्हटलं, "वाचून दाखवते." पपांनी कागद माझ्या हातातून घेतला, घडी घालून खिशात ठेवला. संध्याकाळी मास्तरांच्या घरी गेले, त्यांच्याकडून ओळ न् ओळ समजून घेतली, आणि मग तिथेच सही केली.

काठी कारखान्याने बनवली. मुंबईत दुकानाच्या काचेत मी ती पाहिली, तीच खाच, तोच स्क्रू, वर भलत्याचं नाव. मी पपांना सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "लाकूड कुठलं वापरलंय?" त्यांचा माझ्यावर राग राहिला नाही. माझ्या लग्नात ते नाचले, माझ्या मुलीला त्यांनी पाळणा करून दिला, माझ्या फटकळपणावर पूर्वीसारखेच हसायचे. मला वाटलं, विसरले.

मग एका वर्षी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनच्या सकाळी सिस्टरने संमतीचा कागद आणला, इंग्रजीतला. मी खाटेला लागून उभी होते, चष्मा पर्समधून काढून डोळ्यांवर चढवला होता, हात पुढे केला होता. पपांनी चाचपडत कागद उचलला आणि माझ्या हातावरून पलीकडे सिस्टरकडे धरला.

"बाई," ते म्हणाले, "यात काय लिहिलंय ते मला जरा वाचून सांगता?"